पी-१६ म्हणजे विषाणू नव्हे

तोंडाचा आणि घशाचा कर्करोग आता विषाणूमुळे होऊ लागला आहे. त्या विषाणूची खूण सांगणारे प्रथिन सापडले आहे. गाठीच्या तुकड्यात ते दिसले की रोग विषाणूजन्य ठरतो. विषाणूजन्य रोग सौम्य असतो, म्हणून उपचारही सौम्य करता येतात. आणि उद्या अशीच प्रथिने थुंकीत किंवा रक्तात तपासून रोग वेळेआधी पकडता येईल. हे मत आज सुशिक्षितांत रूढ होत चालले आहे. प्रत्येक विधान पुढच्या विधानाला असे जोडलेले आहे, की पहिले मान्य केले की शेवटचेही नकळत मान्य होते. ही साखळी युरोप-अमेरिकेतील एका ठरावीक रुग्णगटावर बेतलेली आहे. महाराष्ट्रात ती जशीच्या तशी लावणे शास्त्राला धरून नाही आणि रुग्णाच्या हिताचेही नाही, हे येथे मांडायचे आहे.

आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. हाराल्ड त्सूर हाउजेन यांनी १९८०च्या दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ‘ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस’चे, म्हणजे एचपीव्हीचे, १६ आणि १८ हे प्रकार दाखवून दिले. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २००० साली मॉरा गिलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच १६ क्रमांकाचा विषाणू टॉन्सिल आणि जिभेचे मूळ येथल्या कर्करोगांशी निगडित असल्याचे दाखवले. २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आंग आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचे पुढे काय झाले याचा हिशेब मांडला. गाठीत विषाणू असलेल्या रुग्णांपैकी ८२.४ टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. विषाणू नसलेल्यांत हे प्रमाण ५७.१ टक्के होते. एवढा फरक पाडणारी खूण दुर्लक्षून चालणार नव्हते. विषाणूचा थेट शोध खर्चिक आणि किचकट. पी-१६ या प्रथिनाची तपासणी मात्र साध्या ऊतक-रंजनाने होते. तेव्हा पी-१६ हीच विषाणूची खूण मानली गेली. ‘अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सर’च्या आठव्या आवृत्तीने २०१८पासून पी-१६ असलेल्या घशाच्या कर्करोगासाठी रोगाचे टप्पे ठरवण्याची वेगळी पद्धतच लागू केली. म्हणजे पूर्वपक्षामागे वीस वर्षांचे भक्कम संशोधन उभे आहे. त्यातले आकडे मला मान्य आहेत. त्यांच्यापासून आपल्याकडे काढले जाणारे निष्कर्ष मान्य नाहीत.

पहिला प्रश्न असा, की पी-१६ नेमके काय सांगते? पेशीने विभाजन कधी थांबवावे हे ठरवणाऱ्या यंत्रणेत आरबी नावाचे प्रथिन मोक्याच्या जागी बसलेले असते. एचपीव्ही-१६चे ई-७ हे प्रथिन आरबीला निकामी करते, तर ई-६ हे पी-५३ या दुसऱ्या रक्षक प्रथिनाचा नाश घडवते. एरवी पी-१६च्या निर्मितीवर आरबीचाच अंकुश असतो. तो सुटला की पेशी पी-१६ तयार करतच राहते. पी-१६चे काम विभाजनाला आवर घालण्याचे, पण तो आवर आरबीमार्फतच चालतो. आरबीच उरले नसेल तर पी-१६ कितीही साठले तरी व्यर्थ. म्हणून विषाणूबाधित गाठीत हे प्रथिन भरभरून दिसते. किमान ७० टक्के पेशींत, केंद्रकात आणि पेशीद्रवात, मध्यम ते गडद रंग दिसला तरच पॅथॉलॉजिस्टने ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ म्हणावे, असा संकेत आहे.

पण आरबीची वाट विषाणूशिवायही मोडू शकते. पेशीच्या स्वतःच्या जनुकांत बिघाड झाला तरी पी-१६ साठते आणि तपासणीत तोच रंग उमटतो. उरण-पनवेलच्या खारेपाटात शेतात खारे पाणी दिसले की बांधाला खांड पडली एवढे कळते. ती उधाणाने पडली, खेकड्यांनी पोखरल्याने पडली की कोणी मुद्दाम पाडली, हे त्या पाण्यावरून सांगता येत नाही. पी-१६चे तसेच आहे. ते बिघाडाची बातमी देते. बिघाड कोणी केला ते सांगत नाही.

यावर पूर्वपक्षाचे उत्तर तयार असते: असे अपवाद थोडे असतात, व्यवहारात पी-१६ आणि विषाणू बहुतेक वेळा जोडीनेच सापडतात. कुठे सापडतात, हा माझा प्रतिप्रश्न आहे आणि वादाचा कणा तोच आहे. एक कल्पित हिशेब करून पाहू. समजा, विषाणूबाधित गाठींपैकी ९५ टक्के पी-१६ दाखवतात आणि विषाणू नसलेल्या गाठींपैकी १० टक्के फसवा रंग दाखवतात. ज्या देशात टॉन्सिलच्या हजार कर्करोगांपैकी ७०० विषाणूजन्य आहेत, तिथे ६६५ खरे आणि ३० फसवे निकाल येतील. पी-१६वर विश्वास ठेवणारा डॉक्टर तिथे क्वचितच चुकेल. आता तीच चाचणी, तीच रसायने, तोच कुशल पॅथॉलॉजिस्ट अशा प्रदेशात न्या, जिथे हजारांपैकी फक्त १०० कर्करोग विषाणूजन्य आहेत. खरे निकाल ९५, फसवे ९०. म्हणजे ‘विषाणूजन्य’ हा शिक्का जवळपास निम्म्या वेळा खोटा. चाचणीत काहीही बदललेले नाही. बदलली ती फक्त माणसे आणि त्यांच्या रोगाची कारणे.

हा केवळ कागदी हिशेब नाही. २०२३ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त मेहान्ना आणि सहकाऱ्यांनी नऊ देशांतील ७,६५४ रुग्णांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पी-१६ पॉझिटिव्ह असलेल्या ३,८०५ रुग्णांपैकी ४१५ जणांच्या गाठीत विषाणू नव्हता. उलट पी-१६ निगेटिव्ह असलेल्यांपैकीही काही जणांत तो होता. त्याहून महत्त्वाचे दोन निष्कर्ष आहेत. एक, विषाणूजन्य कर्करोगांचे प्रमाण जिथे कमी, तिथे ही विसंगती जास्त. दोन, दोन्ही खुणा असलेल्यांपैकी ८१.१ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. पण फक्त पी-१६ असून विषाणू नसलेल्यांत हे प्रमाण ५४.७ टक्क्यांवर आले. दोन्ही खुणा नसलेल्यांत ते ४०.४ टक्के होते. म्हणजे नुसते पी-१६ हातात घेऊन ‘सौम्य रोग’ म्हणणे हे रुग्णाला खोटा दिलासा देणे आहे.

आता आपली भूमी कोणती, ते पाहू. याचे उत्तर शोधायला परदेशी नियतकालिके लागत नाहीत. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार सलग रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुंबईच्या रुग्णांच्या सवयींचा अभ्यास मांडला: तंबाखू चघळण्याचा संबंध प्रामुख्याने तोंडाच्या कर्करोगाशी आणि ओढण्याचा संबंध प्रामुख्याने घशाच्या कर्करोगाशी दिसला. आजच्या वादात हा अभ्यास पुन्हा काढून वाचला पाहिजे. ‘गाठ टॉन्सिलपाशी आहे, म्हणजे विषाणूच असणार’ हा तर्क अमेरिकेत धूम्रपान ओसरल्यानंतर जन्माला आला. मुंबईत मात्र घशाचा कर्करोग बिडीमुळे होतो हे विषाणूचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी नोंदले गेले होते, आणि ती बिडी अजून विझलेली नाही.

१९७२ साली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. एवढ्या मोठ्या लोकसंख्येचे घरोघर जाऊन तोंड पाहणारे काम जगात विरळा. पुढे २०१६-१७च्या ‘ग्लोबल अ‍ॅडल्ट टोबॅको सर्व्हे’त महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करताना आढळले. त्यातला फार मोठा वाटा, प्रौढांपैकी २४.४ टक्के, धूर नसलेल्या तंबाखूचा होता: चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, पानातली तंबाखू, बायकांची मशेरी. सुपारी तर तंबाखूशिवायही कर्ककारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले आहे.

पनवेल-उरण पट्ट्यातले चिरनेर हे गाव यासाठी डोळ्यांसमोर ठेवावे.  या गावापासून फार लांब नाही, खारघरला, टाटा मेमोरियल केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. ‘अ‍ॅक्ट्रेक’मधून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा विषयच तंबाखू-सुपारी चघळणाऱ्या रुग्णांच्या जिभेवरील, एचपीव्ही नसलेल्या सुरुवातीच्या गाठी हा होता. त्याआधी २०१३ साली हिरड्या आणि गालाच्या आतल्या बाजूच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा भारतीय गटाने ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये मांडला होता. चिरनेरच्या वाटेवरच्या टपरीत जे विकले जाते त्याचा रोग कसा होतो, याचे उत्तर जवळच्याच पनवेल तालुक्यातल्या प्रयोगशाळेत शोधले जात आहे. अशा भूमीत अमेरिकेतल्या उपनगरातील, तंबाखूला कधी न शिवलेल्या रुग्णाचा अनुभव प्रमाण मानणे हा शास्त्रीय आळस आहे.

दुसरा घोटाळा ‘तोंड’ आणि ‘घसा’ एकत्र बोलण्यातून होतो. ओठ, गालाची आतली बाजू, हिरड्या, जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भाग हे तोंड. टॉन्सिल, जिभेचे मूळ, मऊ टाळू आणि त्यामागची भिंत हा घशाचा वरचा भाग. एचपीव्हीला आवडते ते टॉन्सिलच्या खोल खाचांतले अस्तर; गालाच्या आतले नव्हे. कास्तेल्सागे आणि सहकाऱ्यांनी २९ देशांतील ३,६८० रुग्णांच्या गाठी तपासून २०१६ साली दाखवले की, विषाणूचे डीएनए आणि त्याच्या सक्रियतेची आणखी एक खूण अशा दोन्ही अटी लावल्यावर घशाच्या वरच्या भागातील २२.४ टक्के, तर तोंडातील केवळ ४.४ टक्के कर्करोग विषाणूच्या खाती जमा होतात. ‘कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स’ने २०१८च्या मार्गदर्शिकेत तोंडाच्या कर्करोगात ही तपासणी सरसकट करू नये असेच म्हटले आहे. आपल्याकडचा बहुसंख्य रोग गाल, हिरडी आणि जिभेचा आहे. त्या गाठीवर पी-१६ करून ‘पॉझिटिव्ह’ असा अहवाल हातात देणे म्हणजे ज्या प्रश्नाचा अर्थच तिथे लागत नाही, त्याचे उत्तर देणे.

चुकीच्या शिक्क्याची किंमत कोण मोजतो? घशाचा रोग एका बाजूच्या मानेतील अनेक गाठींत पसरला आहे, पण कोणतीही गाठ सहा सेंटिमीटरपेक्षा मोठी नाही, असा रुग्ण घेऊ. मूळ गाठ लहान असेल तर पी-१६ निगेटिव्ह असताना तो चौथ्या टप्प्यात मोडतो. पी-१६ पॉझिटिव्ह असेल तर पहिल्या टप्प्यात. एका रंगाने चौथ्याचा पहिला! रंग खरा असेल तर हे योग्यच आहे. तो फसवा असेल तर डॉक्टर, रुग्ण आणि घरचे, तिघेही धोका कमी लेखून बसतात. त्यातून उपचार हलके करण्याचा मोह होतो, आणि तो मोह खऱ्या विषाणूजन्य रुग्णांतही महाग पडलेला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत किरणोपचारासोबत नेहमीच्या सिस्प्लॅटिन या औषधाऐवजी सौम्य समजले गेलेले सेटक्सिमॅब देऊन पाहण्यात आले होते. एका चाचणीत दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ९७.५वरून ८९.४ टक्क्यांवर आले. दुसरीत पाच वर्षांचे अंदाजित प्रमाण ८४.६वरून ७७.९वर. विषाणू असलेल्यांना सौम्य उपचार भोवले, तर विषाणू नसताना तसे म्हणवल्या गेलेल्यांचे काय होईल?

शिवाय तंबाखू विषाणूलाही सोडत नाही. आंग यांच्याच अभ्यासात विषाणू असूनही बरीच वर्षे धूम्रपान केलेले अनेक रुग्ण कमी धोक्याच्या गटातून मध्यम धोक्याच्या गटात गेले. कमी धोक्याच्या गटात तीन वर्षांनी ९३ टक्के हयात होते, मध्यम गटात ७०.८ टक्के. म्हणून पी-१६च्या अहवालाशेजारी बिडी-तंबाखूची नोंद नसेल तर तो अहवाल अर्धाच आहे.

एक किंमत आकड्यांत मांडता येत नाही. एचपीव्ही मुख्यतः शरीरसंबंधांतून पसरतो, हे आता लोकांना कळलेले आहे. पन्नाशीच्या माणसाच्या अहवालावर ‘विषाणूजन्य’ लिहिले की घरात संशय शिरतो. बायको नवऱ्याकडे, नवरा बायकोकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. तो शिक्का खोटा असेल तर आजारी माणसावर विनाकारण दुसरा आघात होतो. आणि ज्याला ‘हे विषाणूने केले’ असे सांगितले, तो तंबाखूची डबी फेकून का देईल? महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन हातावर एकत्र करण्याची युक्ती शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. दोष विषाणूवर ढकलणारे प्रत्येक सैल विधान या व्यापाराला आयता आडोसा देते.

राहिला मुद्दा रोग लवकर पकडण्याचा. इथे पूर्वपक्ष गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा दाखला देतो, आणि तो दाखला महाराष्ट्राचाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास जगभर मानला जातो. एचपीव्हीच्या एकाच तपासणीने या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बार्शी आणि मुंबईच्या कर्करोग तज्ज्ञांचे हे काम अभिमानाचे आहे. मग तोंडात तसेच का होऊ नये? कारण त्या यशामागच्या तीन अटी इथे लागू पडत नाहीत. गर्भाशयमुखाचा जवळपास प्रत्येक कर्करोग एचपीव्हीपासून सुरू होतो. तोंडाचा होत नाही. गर्भाशयमुखावर कर्करोगाआधीची अवस्था दिसते आणि ती तिथल्या तिथे काढून टाकता येते. टॉन्सिलच्या खाचांत अशी ओळखता येणारी आधीची अवस्था सापडत नाही. आणि तिथे पॉझिटिव्ह निकालानंतर काय करायचे ते ठरलेले असते, इथे नसते.

रक्तातील प्रथिन-खुणांपैकी सर्वांत आश्वासक आहेत त्या विषाणूच्या ई-६ प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या. युरोपातील एका मोठ्या अभ्यासात, पुढे घशाच्या वरच्या भागाचा कर्करोग झालेल्यांपैकी ३४.८ टक्क्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे निदानाआधीच, काहींत तर दहा वर्षांहूनही आधी, सापडली. निरोगी लोकांत हे प्रमाण ०.६ टक्के. संशोधन म्हणून हे विलक्षणच आहे. पण गावोगाव तपासणी करायची म्हटले तर लाखभर निरोगी माणसांत ६०० जण पॉझिटिव्ह निघतील, आणि त्यांच्यापैकी ज्यांना खरोखर रोग होणार आहे ते हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे असतील. बाकीच्यांना आपण वर्षानुवर्षांची भीती देऊ, उपाय काहीच देऊ शकणार नाही.

याउलट, तोंडाचा रोग डोळ्यांना दिसतो. केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या तेरा पंचायतींपैकी सात पंचायतींत प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी विजेरीच्या उजेडात तोंडे तपासली. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. केंद्र सरकारच्या २०१६च्या आराखड्यात तीस ते पासष्ट वर्षांच्या सर्वांची दर पाच वर्षांनी तोंड-तपासणी सांगितलेली आहेच. तीन आठवडे न भरणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट लागताच होणारी आग, तीन बोटे मावण्याइतकेही न उघडणारे तोंड, मानेत वाढणारी गाठ: ही लक्षणे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. चिरनेरसारख्या गावात आशा कार्यकर्ती आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांनी हे काम नेटाने केले तर कोणत्याही प्रथिन-चाचणीपेक्षा अधिक जीव वाचतील.

खंडन झाले, आता मंडन. पी-१६ टाकून द्यावे असे माझे म्हणणे नाही. त्याची योग्य जागा ठरवून द्यावी, एवढेच आहे. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या गाठींत, तसेच मूळ जागा न सापडलेल्या मानेच्या गाठीत पी-१६ जरूर तपासावे. ते पॉझिटिव्ह आले तर विषाणूचे डीएनए किंवा आरएनए थेट तपासल्याशिवाय ‘विषाणूजन्य’ हा शब्द अहवालात लिहू नये. ही दुसरी तपासणी महाग आहे, सगळीकडे होत नाही, हा आक्षेप टिकत नाही. ती फक्त पी-१६ पॉझिटिव्ह असलेल्या मोजक्या रुग्णांनाच लागते आणि मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. गाल, हिरडी, पुढची जीभ यांच्या गाठींवर पी-१६ सरसकट करू नये. दोन्ही खुणा खऱ्या ठरल्या तरी संशोधन-चाचणीबाहेर उपचार हलके करू नयेत. आणि विषाणूवर खरा घाव घालायचा असेल तर तो लसीने घालावा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीविरोधी लस २०२३पासून उपलब्ध आहे. मुलींना तिचा लाभ निर्विवाद आहे, आणि आजच्या मुलांच्या उद्याच्या घशालाही तो मिळावा.

परदेशी विद्येचा अव्हेर करा असे मी म्हणत नाही. विद्या जिथून येईल तिथून घ्यावी, पण ती इथल्या रुग्णावर पारखून घ्यावी. खानोलकरांनी हजार रुग्णांच्या नोंदी एकत्र करून त्यांच्या सवयींचा माग काढला आणि मुंबईच्या रोगाचे कारण मुंबईतच शोधले. पी-१६चा अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येक पॅथॉलॉजिस्टने, तो वाचणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने आणि आरोग्याचा पैसा कुठे खर्चायचा हे ठरवणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने त्याच शिस्तीने वागावे. तोवर एवढे लक्षात ठेवावे, की या महाराष्ट्रात तोंडाच्या कर्करोगाचे पहिले कारण तंबाखू आणि सुपारी हेच आहे, आणि त्याविरुद्धचे पहिले हत्यार म्हणजे तंबाखू सोडवणे आणि वेळेवर तोंड तपासणे.